क्राउन-पिनियन घेताना पिनियनचे दात मोजा

मा. संपादक, स.न.वि.वि.

काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर जीप चालवणारे आम्ही शेतकरी मोठे टायर बसवतो आणि कमी झालेली ओढ परत मिळावी म्हणून मिळेल तितक्या जास्त रेशोचा क्राउन-पिनियन (चाकांच्या आसातली मोठा क्राउन व लहान पिनियन या दातेरी चाकांची जोडी; रेशो म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) टाकतो. पण त्याच हौसिंगमध्ये (ही जोडी बसते त्या पेटीत) रेशो वाढवला की पिनियन बारीक होतो आणि सगळा भार मोजक्या दातांवर येतो. ४१ व १० दातांची जोडी ४.१० रेशो देते, तर ३९ व ८ दातांची सुमारे ४.८८. गेल्या श्रावणात माझ्या जीपच्या मागच्या हौसिंगमधून काळ्या तेलासोबत पिनियनच्या दाताचा नखाएवढा तुकडा निघाला. टायरला पुरेल तेवढाच रेशो घ्यावा, फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) जीपमध्ये पुढचा व मागचा सारखाच ठेवावा, अशी कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, धारणी (जि. अमरावती)