स्टेंट टाकताना धमनी फाटली तर? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

जिल्ह्याच्या ठिकाणी कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करण्याच्या खोल्या) निघाल्या, हे चांगलेच झाले. हार्ट अटॅकचा रुग्ण दूरच्या शहरात पळवण्यापेक्षा जवळ अँजिओप्लास्टी (तुंबलेली धमनी फुग्याने उघडून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवणे) झालेली केव्हाही बरी. हृदयाचा सर्जन नाही म्हणून या लॅब बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. मात्र हे करताना हृदयाची धमनी फाटलीच, तर रुग्ण सर्जनपर्यंत जिवंत कसा पोचवायचा, हे आधी ठरलेले हवे.

असे शंभरात एकालाही होत नाही. होते तेव्हा हृदयावरणात (हृदयाभोवतीच्या पिशवीत) १५०-२०० मिली रक्त झपाट्याने साचले तरी हृदय दाबले जाऊन रक्तदाब कोसळतो. पहिले काम छिद्रावर किंवा किंचित अलीकडे फुगा फुगवून धरणे. रक्त थांबते, पण पुढच्या स्नायूचा पुरवठाही तुटतो. त्यामुळे छिद्र आतून झाकणारा कव्हर्ड स्टेंट वेगवेगळ्या मापांत लॅबमध्येच हवा. 'मागवून घेऊ' इथे चालत नाही. सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी) मशीन, साचलेले रक्त काढायला पिगटेल कॅथेटर (वळलेल्या टोकाची बारीक नळी) आणि क्रॉसमॅच केलेले, म्हणजे रुग्णाशी जुळवून पाहिलेले रक्त. धमनीत वायर आणि फुगा असताना प्रोटामिन (रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा उतारा) घाईने देऊ नये, गुठळी होते.

सर्जनला फोन याच वेळी जायला हवा. सगळे उपाय थकल्यावर केलेला फोन फारसा कामाचा नसतो.

शस्त्रक्रियेत छाती उघडून गुठळ्या काढतात, छिद्र बोटाने दाबून हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन सुरू करतात. मग छिद्र शिवायचे किंवा धमनी बांधायची, आणि पुढे बहुधा पायाच्या शिरेचा बायपास. एरवी बायपासला वापरतात ती छातीतली धमनी सोडवत बसायला वेळ नसतो. धमनीभर एकापुढे एक स्टेंट असतील, तर बायपास जोडायला जागाच उरत नाही. दुसरी अडचण प्लेटलेटना (रक्त गोठवणाऱ्या पेशींना) रोखणाऱ्या औषधांची. नियोजित बायपासआधी क्लोपिडोग्रेल ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस बंद ठेवतात. इथे तेवढे तासही नसतात. याच गटातले टिकाग्रेलॉर नुकतेच दिलेले असेल तर प्लेटलेट चढवूनही रक्त गळते, कारण रक्तात फिरणारे औषध नव्या प्लेटलेटनाही निकामी करते. म्हणून कोणते औषध, किती, किती वाजता, हे रेफर चिठ्ठीत सर्वांत वर लिहिलेले हवे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या सर्जरीची सोय नसलेली कॅथलॅब घेताना जवळच्या सर्जरी केंद्राशी लेखी करार आणि कव्हर्ड स्टेंटचा साठा तपासा. फुगा फुगवलेला ठेवूनच रुग्ण हलवावा लागला, तर रुग्णवाहिकेत अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर बसेल, हेही करारात असू द्या.

आपले,
राज्यातील काही हृदयशल्यचिकित्सक व परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे)