मनू, क्लिनिक विकण्याआधी

पुणे

प्रिय मनू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीला तू नाशिकचं आहारसल्ल्याचं क्लिनिक विकते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण "ती घरचीच आहे, स्टॅम्पपेपरवर दोन ओळी लिहिल्या की झालं" हे तुझं म्हणणं मला वकील म्हणून तर नाहीच, मैत्रीण म्हणूनही पटलं नाही. घरच्यांशी व्यवहार असला की कागद उलट जास्त स्वच्छ हवा. फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

तुझी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने क्लिनिक आणि तू वेगळ्या नाहीत. म्हणून काय देते आहेस आणि काय नाही, ते करारात मोजून लिहायचं. वजनकाटा, बॉडी कॉम्पोझिशनचं मशीन, टेबल-खुर्च्या, लॅपटॉप यांची यादी किमतींसह जोड. मशीनवर कर्ज आहे ना? मग बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आल्याशिवाय ते देऊ नकोस. किमती ठरवताना सीएला विचार. वापरलेल्या यंत्रावरचा कर आणि गुडविलवरचा, म्हणजे क्लिनिकच्या नावलौकिकाच्या किमतीवरचा कर सारखा नसतो.

जागा लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर आहे, तो करार तिच्या नावावर फिरवता येणार नाही. मालकाशी तिने नवा करून नोंदवायचा. गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) हेही तिचं तिने काढायचं.

आता गुडविल. तिला भीती आहे की तू पुन्हा शेजारीच बसशील, आणि ती भीती रास्त आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. अपवाद गुडविल विकल्याचा, तोही ठरावीक हद्दीत आणि ती हद्द वाजवी असेल तरच. म्हणजे करारात नुसतं फर्निचर लिहिलं आणि गुडविलचा उल्लेखच नसला, तर तिच्या बंदीच्या अटीला आधार उरत नाही. नाशिक शहरापुरती बंदी मान्य कर, अख्ख्या महाराष्ट्राची नको. बडोद्याला गेल्यावर तिथून ऑनलाइन सल्ला देणार असशील तर तेही आत्ताच स्पष्ट लिहून घे.

तुझे आहारतक्ते, म्हणजे मधुमेहींच्या उपासाचा, गरोदर बायकांचा, ही तुझी लेखी निर्मिती आहे. कॉपीराइट हस्तांतरण लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. माझं मत विचारशील तर हक्क विकूच नकोस, फक्त वापरायची परवानगी दे. पुस्तक काढायचं आहे ना तुला?

सगळ्यात जास्त काळजी मला पेशंटच्या फायलींची आहे. त्या किमतीच्या यादीत घालू नकोस. कुणाची शुगर, कुणाची पीसीओडी, कुणी रात्री उठून खाते हे फक्त तुलाच सांगितलेलं. ते तुझ्यावरच्या विश्वासाने सांगितलंय. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भर संमतीवरच आहे. प्रत्येकाला कळव की मी थांबते आहे, तुमची फाईल हिच्याकडे द्यायची का? हो म्हणतील त्यांचीच दे. बाकीच्यांना परत घेऊन जायला सांग. पेनड्राइव्हवर सगळी यादी टाकून देणं सर्रास चालतं, पण तू ते करू नयेस असं मला कळकळीने वाटतं.

तीन-सहा महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आधीच घेतलेले पेशंट? त्यांच्या उरलेल्या भेटी कोण देणार, परतावा मागितला तर कुणाच्या खिशातून, हे नावानिशी लिही आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा कर. यावरूनच भांडणं होतात. हप्त्याने पैसे घेणार असलीस तर तारखाही घाल.

जागेचा करार, बँकेचं पत्र आणि पॅकेजची यादी पाठव, मी मसुदा करते. तिला मात्र स्वतःचा वकील बघायला सांग. दोघींची बाजू मी एकटीने पाहणं बरोबर नाही. काकूंना नमस्कार.

तुझी,
सुमा