जुनं विमान खुशाल घ्या, पडून राहिलेलं घेऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेत हौसेनं छोटी विमानं उडवणाऱ्या मराठी मुलांबद्दल छापून आलं, वाचून बरं वाटलं, पण पन्नास वर्षांचं जुनं विमान घेणं म्हणजे जिवाशी खेळ असा जो सूर त्यात होता तो मला पटला नाही म्हणून हे पत्र. मी ह्यूस्टनजवळ राहतो आणि आम्ही तिघा मित्रांनी मिळून सत्तरच्या दशकातलं एक सेसना १७२, म्हणजे चार सीटचं छोटं विमान, घेतलेलं आहे.

आपल्याकडे गाडी १५ वर्षांची झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं आणि लोक तिला भंगारातच काढतात, त्यामुळे १९७४ सालचं विमान म्हटलं की घरचे हादरतात हे समजू शकतं. पण विमानाचं तसं नसतं. इथे दरवर्षी अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन करावंच लागतं, मेकॅनिक सगळी झाकणं उघडतो, सीटा काढतो, पंखात टॉर्च मारून बघतो, आणि त्याची सही झाल्याशिवाय विमान उडवता येत नाही. एखाद्या मॉडेलमध्ये धोक्याचा दोष सापडला की एफएए, म्हणजे इथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा, आदेश काढते, तो पाळणं सक्तीचं. आणि दुसरा पर्याय तरी काय आहे, नवं १७२ आज ४ लाख डॉलरच्या वर जातं. अपघातांनंतरच्या कोर्टातल्या दाव्यांचा आणि विम्याचा खर्च परवडेना म्हणून सेसनानं १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं होतं, १९९४ मध्ये कंपन्यांना संरक्षण देणारा कायदा झाला तेव्हा कुठे ती परत सुरू झाली. म्हणून सामान्य नोकरदाराला परवडणारी विमानं म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलीच, सेसना १५०, १७२ नाहीतर पायपर चेरोकी.

खरा धोका आहे तो न उडवता ठेवलेल्या विमानाचा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ओव्हरहॉलनंतर (म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त केल्यानंतर) फक्त ३०० तास उडालेलं, आणि माणूस हुरळून जातो. मग लॉगबुक, म्हणजे विमानाची नोंदवही, उघडावं तर ओव्हरहॉल १९८९ चा, आणि नंतरची बरीच वर्षं दोन अ‍ॅन्युअलच्या मधे जेमतेम दोन-तीन तास उडालेलं. आमच्या १७२ सारख्या विमानांची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी त्यांना २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, असा ओव्हरहॉलचा हिशोब देते. खाजगी मालकाला ते बंधनकारक नाही हे खरं, पण १२ वर्षं उगीच सांगितलेली नाहीत. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, इंजिन बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू उतरून जातं आणि आमच्या इथल्या मेक्सिकोच्या आखाताच्या दमट हवेत त्याला गंज धरतो, पुढे इंजिन चालवलं की तोच गंजलेला भाग झिजून धातूचा चुरा तेलात यायला लागतो. सेसना १५० च्या कॉन्टिनेन्टल इंजिनात कॅम खाली असतो म्हणून तिथे हा त्रास त्या मानानं कमी. सिलिंडरचा दाब बघणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये यातलं काहीच कळत नाही, आकडे मस्त येतात, म्हणून ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघायला लावायचा, त्यात चकाकणारे कण दिसले की तिथेच थांबायचं. ओव्हरहॉलला आज कधीकधी जवळजवळ विमानाच्या किमतीइतके पैसे जातात, म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेलं विमान सगळ्यात महाग पडतं.

उघड्यावर बांधून ठेवलेल्या विमानांत उंदीर पंखात घरटी करतात, त्यांच्या मुतानं अॅल्युमिनियम खाल्लं जातं, कुंभारमाश्या पिटो ट्यूबमध्ये (वेग मोजणाऱ्या नळीत) मातीची घरं करतात. बाहेरून रंग एकदम नवा. त्यामुळे प्री-बाय, म्हणजे विकत घेण्याआधीची, तपासणी आपल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, ज्यानं ते विमान आधी कधी हाताळलेलं नाही अशाकडून. विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक कितीही भला असला तरी तो स्वतःच्याच कामात चुका काढणार नाही. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या रेकॉर्डवर टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, करून घ्या, आधीच्या मालकाचं कर्ज विमानावर तसंच असू शकतं.

विमान पार्टनरशिपमध्ये घ्या असा मी आग्रह धरतो त्याचं कारणही हेच आहे, विमान पडून राहू नये. हँगरचं भाडं, इन्शुरन्स, अ‍ॅन्युअल हे विमान उडो न उडो भरावंच लागतं, ते तिघांत वाटलं जातं, ते तर आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे तिघांतला कोणी ना कोणी दर आठवड्याला उडवतो आणि इंजिन नीट तापून त्यातला ओलावा निघून जातो. एकट्यानं घेतलेलं विमान पहिल्या बाळाच्या वर्षी हँगरमध्ये गेलं की तिथेच राहतं, असं मी इथे कितीतरी जणांचं बघितलंय.

एक गोष्ट मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना आवर्जून सांगायला हवी. एच-वन व्हिसावर असताना सुरक्षा तपासणी करून विमान शिकता येतं, लायसन्स मिळतं, पण विमान स्वतःच्या नावावर रजिस्टर करता येत नाही, त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ट्रस्टच्या नावावर विमान घेऊन वाट काढणारे आहेत पण छोट्या विमानासाठी तो खर्च झेपत नाही. अशांनी चांगला फ्लाइंग क्लब बघावा, तासावर उडवावं आणि तिथल्या मेकॅनिकच्या अ‍ॅन्युअलला दिवसभर शेजारी उभं राहावं, जितकं शिकता येतं तेवढं कुठल्याच व्हिडिओतून येत नाही.

आणि जे घ्यायला निघालेत त्यांनी विमानाच्या फोटोंआधी लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवावा. एखादं लॉगबुक हरवलंय, नंतर देतो, असं कोणी म्हणालं तर बघायला जायचं तिकीटसुद्धा काढू नये.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास