चिकटवलेली चार मिनिटं

ती. काकांस,
सा. न.

हे पत्र तुमची पुतणी तुम्हाला तिच्या फोनवर उघडून वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही ऐकवलेल्या रेकॉर्डींबद्दल समोर बसून आभार मानले असते तर "चहा टाकू का?" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता.

१९९४ सालचा पावसाळा. मी बारावीला गणितात उडालो होतो आणि गिरगावातल्या आपल्या चाळीत ती बातमी माझ्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. भेटेल तो सल्ला देत होता: टायपिंग शीक, आयटीआय बघ, मामाच्या दुकानात बस. तुम्ही मात्र एका शब्दाने काही विचारलं नाहीत. गॅलरीत उभा होतो, तर म्हणालात, "पाय पुसून आत ये. आणि बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

पहिली रेकॉर्ड किंग क्रिमझन या इंग्लिश रॉक बँडची, १९६९ची. कव्हरवर तो किंचाळणारा लाल चेहरा, नाकपुड्या फुगलेल्या. आईने पाहिला असता तर आधी माझी दृष्ट काढली असती! पहिल्याच गाण्यात सॅक्सोफोन आणि गिटार एकमेकांच्या उरावर बसले आणि मला वाटलं, सुई खराब झालीय. बाजू संपल्यावर "आवडलं का?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "काय काय ऐकलंस?" असं विचारलंत. मला एकही गोष्ट सांगता आली नाही. तुम्ही मुकाट्याने सुई परत सुरुवातीला ठेवलीत.

तुम्ही मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर. खरखरीतून सिग्नल उपसण्यात तुमचा जन्म गेला, त्यामुळे हा गोंगाट तुम्हाला गोंगाट वाटतच नसावा. बंदरात उतरलं की लोक परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर आणायचे, तुम्ही हे आणायचात. सॉफ्ट मशीन या इंग्लिश बँडचा ‘थर्ड’ म्हणजे दोन रेकॉर्डी, चार बाजू आणि मोजून चार रचना. (खरं सांगतो, तो मला आजही पूर्ण झेपत नाही.) माग्मा या फ्रेंच बँडच्या ढोलकऱ्याने गाण्यांसाठी स्वतःची भाषाच बनवलेली. शब्द कळत नाहीत म्हणून मी कुरकुरलो, तर तुम्ही म्हणालात, "भांडूपपासून पॅरिसपर्यंत कुणालाच कळत नाहीत. तू कशाला लाजतोस?" माग्मा मोठ्या आवाजात लावायचा तो फक्त गणपतीत. अंगणातला लाउडस्पीकर बोंबलत असताना कुणाला पत्ताच लागायचा नाही.

एकदा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा ‘वंडरवॉल म्युझिक’ हातात देऊन म्हणालात, मागची नावं वाच. वाचत गेलो. संतूर: शिवकुमार शर्मा. बासरी: एस. आर. केंकरे. केंकरे! जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनने त्यातला बराच भाग इथे मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला होता. तोवर हे सगळं मला सातासमुद्रापलीकडचं वाटत होतं.

मग महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा ‘बर्ड्‌स ऑफ फायर’, १९७३. मी तेव्हा तबल्याच्या क्लासला जायचो, म्हणून तुम्ही मुद्दाम शीर्षकाची रचना लावलीत आणि म्हणालात, सम दाखव. मी तीनताल धरला, सोळा मोजून टाळी दिली आणि तोंडघशी पडलो. पुन्हा धरला, पुन्हा पडलो. चौथ्या वेळी कळलं की दोन मात्रा उरतायत. आवर्तन अठराचं! तुम्ही फक्त हसलात. गणितात उडालेला मुलगा बोटांवर अठरा मोजत बसलाय, हे मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असणार.

पण खरे आभार एका संध्याकाळचे आहेत. जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा ‘इन अ सायलेंट वे’, दुसरी बाजू. गिटारवर मॅक्लॉफलिन, महाविष्णू ऑर्केस्ट्राचाच गिटारवाला, पण इथे इतका हळू की पंख्याचा आवाज नडायला लागला. तुम्ही उठून पंखा बंद केलात. जुलैचा उकाडा, दोघेही घामाने निथळत. बाजू संपली. "सुरुवातीची धून शेवटी परत वाजवली ना त्यांनी?" मी विचारलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी ऐकलं होतं म्हणून ऐटीत होतो.

"वाजवली नाही. चिकटवली," तुम्ही म्हणालात. "सांधा शोध."

तीन दिवस शोधला. पहिली चार मिनिटं, शेवटची चार मिनिटं, सुई उचल, सुई ठेव. गिटारचा प्रत्येक झटका, प्रत्येक श्वास जसाच्या तसा. माणूस दोनदा इतकं सारखं वाजवूच शकत नाही. फेब्रुवारी १९६९मध्ये एका दिवसात वाजवलेलं, आणि मग निर्माता टिओ मसेरोने टेप कापून तोच तुकडा शेवटी परत जोडलेला. पहिल्या बाजूलाही हीच युक्ती, पण ती तुम्ही न सांगताच मी पकडली. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा बिस्किटाचा अख्खा पुडा दिलात.

आज अंधेरीत एका स्टुडिओत मालिकांचे आवाज कापतो आणि जोडतो. सासूच्या वाक्याचा शेवट दुसऱ्या टेकमधून आणून चिकटवतो. प्रेक्षकांना सांधा ऐकू येत नाही, मला येतो. बारावी पुढच्या वर्षी निघाली, ते जाऊ दे.

एक कबुली राहिलीय. ‘इन अ सायलेंट वे’ची ती रेकॉर्ड मी घरी नेली होती आणि खिडकीखाली ठेवली होती. रात्री पाऊस आत आला. कव्हरचा खालचा कोपरा फुगला, नंतर बुरशी धरली. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून परत केलीच नाही, आणि तुम्ही कधी मागितली नाहीत. पुढे चाळ पाडायला काढली, तुम्ही बदलापूरला गेलात, रेकॉर्ड माझ्याकडेच राहिली.

रविवारी घेऊन येतोय. डाग तसाच आहे, पण आतली रेकॉर्ड स्वच्छ वाजते, कालच लावून पाहिली. तुमचा प्लेयर चालू आहे का, पुतणीला बघायला सांगा. नसेल तर माझा उचलून आणतो, रविवारी लोकलला गर्दी जरा कमी असते.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा