मुक्त क्रोशाला वेगळा गट हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की नाशिकमध्ये हस्तकलेची प्रदर्शनं आणि स्पर्धा सुरू होतात. अशाच एका स्पर्धेच्या अर्जावर यंदा एक रकाना होता: ‘क्रोशाकामासाठी वापरलेल्या नमुन्याची छायाप्रत जोडावी.’ माझ्याकडे जोडायला नमुनाच नव्हता. ‘नमुना नाही, मुक्त क्रोशा’ असं लिहून दिलं, तेव्हा माझं काम क्रोशा गटातून उचलून ‘इतर हस्तकला’ गटात, मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांच्या मधे ठेवण्यात आलं. परीक्षक बाई भल्या होत्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “छान आहे हो, पण कशावरून केलंय?” बक्षीस हुकल्याचं दुःख या वयात होत नाही, पण तो रकाना मात्र डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दुसऱ्यांनी दिलेल्या मापाप्रमाणे रेघा ओढण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे ‘मुक्त म्हणजे हाताला येईल तसं’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. मुक्त क्रोशात आखणी असतेच, फक्त ती छापील ओळींत सापडत नाही.

माझं काम होतं गोदावरीच्या पुराचं, भिंतीवर टांगायचं. आधी ट्रेसिंग पेपरवर पूर्ण मापाची बाह्यरेषा काढली. मग तळहाताएवढे तुकडे विणले. साखळ्या, खांब, मुके खांब हे टाके सगळ्यांच्या ओळखीचेच. फरक इतकाच की ओळ संपली म्हणून पुढची ओळ तिच्यावरच घ्यायची असं बंधन नाही. तुकडा फिरवून त्याच्या बाजूने टाके उचलायचे, मधेच दोरा बदलायचा. भोवऱ्यांसाठी सुईवर दोऱ्याचे दहा-बारा वेढे घेऊन एकदम ओढून काढायचा टाका वापरला. असे तुकडे कागदावर टाचणीने लावून दिवसच्या दिवस नुसते हलवत बसायचं. खरी रचना होते ती इथे. शेवटी मधल्या फटी भरायच्या आणि जोडायचं.

आता अडचणी ऐका. सुती दोरा ताणत नाही, ॲक्रिलिक लोकर स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते. दोन्ही शेजारी आले की टांगल्यावर काम वाकडं होतं. म्हणून जाड लोकरीचे तुकडे खालच्या कडेला घेतले आणि वरची पट्टी घट्ट मुक्या खांबांची केली. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसाठी शेंदरी रंग हवा होता. पुराचं पाणी कुठवर चढलं हे आपण नाशिककर त्याच्याकडे बघूनच ठरवतो, त्याला वगळून चालणार नव्हतं. पण एवढ्या मातकट कामात शेंदरी एकाच जागी आला असता तर डाग पडल्यासारखा दिसला असता. तेव्हा येवल्याच्या एका विणकराकडून आणलेल्या उरल्यासुरल्या रेशमातला शेंदरी धागा आणखी दोन ठिकाणी, तपकिरी टाक्यांच्या पोटात, जेमतेम दिसेल असा फिरवला. हा निर्णय कुठल्या नमुन्याची छायाप्रत म्हणून जोडायचा?

एका परीक्षकांनी कडेच्या झालरीला ‘सफाई नाही’ असा शेरा दिला. गोल रुमाल विणणारीला हिशेब पाठ असतो: पहिल्या फेरीत 12 खांब, तर पुढच्या प्रत्येक फेरीत 12 वाढवायचे. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. रुमालात तो दोष, हे मान्य. पण टाके मुद्दाम आणि सारख्या प्रमाणात वाढवत नेले तर काय होतं, हे 1997 मध्ये डायना टायमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणिताच्या प्राध्यापिकेने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाखवून दिलं. भूमितीतल्या ज्या झालरीसारख्या वक्र पृष्ठभागाची कागदी मॉडेलं हाताळताना फाटायची, तो तिने क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. पुढे मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दाइम या बहिणींनी वाढवण्याचं प्रमाण जागोजागी बदललं आणि 2005 पासून त्यातून क्रोशाचं प्रवाळ बेट उभं केलं. ते जगभरच्या संग्रहालयांतून मांडलं गेलं. त्यात असंख्य बायकांच्या हातचे तुकडे आहेत. माझ्या झालरीचा हिशेब त्याच जातीचा होता. विचारलं असतं तर दर किती टाक्यांनी वाढ घेतली ते सांगितलं असतं.

मुक्त क्रोशाची ही पद्धत काही कालची नाही. इंग्लंडमध्ये सिल्व्हिया कॉश आणि जेम्स वॉल्टर्स यांनी गेल्या शतकातच तिला रूप दिलं. त्याच्याही आधी, 1840 च्या दशकातल्या दुष्काळात, आयर्लंडच्या बायका फुलं-पानं सुटी विणून कापडावर टाचत, मधे जाळी भरत आणि ती लेस विकून घर चालवत. तुकडे आधी, जोडणी नंतर.

आपल्याकडे रांगोळीच्या स्पर्धेत ठिपक्यांची रांगोळी आणि मुक्तहस्त रांगोळी असे वेगळे गट असतात. मुक्तहस्त रांगोळी काढणारीला कुणी ‘ठिपके किती बाय किती?’ असं विचारत नाही. मग क्रोशालाच हा नियम का? नमुन्याबरहुकूम विणणं सोपं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या जावेच्या हातचा अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ बघावा, टाकान् टाका सारखा. तिच्याशी माझी स्पर्धा लावणं दोघींवरही अन्याय आहे.

तर आयोजकांना विनंती अशी. मुक्त क्रोशाचा वेगळा गट ठेवावा. परीक्षकांनी काम उलटं करून पाहावं, जोड तिथे कळतो. टांगायची वस्तू टेबलावर पसरून न ठेवता टांगूनच पाहावी. जिथे ती फुगली किंवा मुडपली आहे तिथे ते मुद्दाम केलंय का, हे करणारीला विचारावं. आणि आपल्या पुरवणीत रुमालाचे नमुने येतात, ते जरूर येऊ द्या, पण अधूनमधून नुसता एक आकार छापून वाचकांना ‘हा तुमच्या घरातल्या उरलेल्या दोऱ्यांनी भरा’ असं सांगून बघा. काय काय येतं ते पाहण्याची मलाही उत्सुकता आहे.

गट वाढवणं यंदा जमणार नसेल, तर निदान पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला जाण्याआधी तो छायाप्रतीचा रकाना तेवढा काढून टाकावा.

आपली,
एक निवृत्त आरेखक,
इंदिरानगर, नाशिक