बारनिशीच्या जमादारांना जाहीर जय हिंद

जमादार, जय हिंद.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. मागच्या वर्षी आम्ही चौघं शाल-श्रीफळ घेऊन आलो, तर नारळ ठेवून घेतलात आणि शाल परत केलीत. "पेन्शनरच्या घरात शालींना काय तोटा," म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितोय. इथे चहा मध्ये येणार नाही.

आधी कबुली देतो. नोकरीत असताना मी तुम्हाला फारसं मोजलं नाही. तुम्ही बारनिशीला, म्हणजे ठाण्याच्या टपालाच्या टेबलाला, मी बाहेर. आम्ही रात्रगस्त करून, नाकाबंदी करून, लोणंदला माउलींच्या पालखीचा बंदोबस्त संपवून पाय सुजवून यायचो, आणि तुम्ही पंख्याखाली आवक-जावकचं रजिस्टर उघडून बसलेले. "बारनिशी म्हणजे सावलीतली ड्युटी" हे वाक्य ठाण्यात मीच फिरवलं होतं. ते तुमच्या कानावर गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही मात्र कधी त्याचा विषय काढला नाहीत.

तुम्ही चालवता त्या निवृत्त पोलिसांच्या संघटनेबद्दलही माझं मत असंच होतं. निवृत्त झालेले चार म्हातारे एकत्र बसणार, जुन्या साहेबांना नावं ठेवणार आणि रविवारचा चहा पिणार. मला कशाला हवंय ते?

३१ मे २०२१ ला मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला, शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. त्यामुळे ३१ मेला दरवर्षी निवृत्तांची जत्राच असते. पण ते कोरोनाचे दिवस होते. निरोप पाच माणसांत, तोंडाला मास्क, फोटोत कोण कोण आहे ते आजही ओळखू येत नाही. पुढे क्वार्टर सोडली. पस्तीस वर्षं लाईनीत राहिलेल्या माणसाला शेजारी पोलीस नसलेलं घर कसं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे हजेरीच्या वेळेला डोळा उघडायचा आणि जायचं कुठे, ते आठवायचं नाही.

त्यातच ते पत्र आलं. २००९ साली सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती करताना मला एक वेतनवाढ चुकून जास्त दिली गेली होती म्हणे. बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी घरी बसल्यावर पडताळणीत सापडलं. वसुली १ लाख ८६ हजार, ग्रॅच्युइटीतून. मी एका कार्यालयात तीन खेटे घातले. तिसऱ्या खेपेला टेबलामागचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात या." राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. मी स्वतः किती लोकांना ठाण्याच्या दारातून असंच परत पाठवलं होतं, ते त्या क्षणी एकेक करून आठवायला लागलं.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, आणि मी मान खाली घालून आलो.

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. तुम्ही माझं काही ऐकूनच घेतलं नाहीत. "सेवापुस्तकाची झेरॉक्स आणली का?" एवढंच विचारलंत. मग चष्मा पुसलात, लाकडी पट्टी घेतलीत आणि पहिल्या पानापासून एकेका नोंदीखाली ती सरकवत वाचायला लागलात. भरतीची तारीख, बदल्या, रजा, दोन बक्षिसं, एक ठपका. ठपक्यापाशी पट्टी जरा थांबली, मग पुढे गेली. मला वाटतं, माझी सगळी नोकरी दुसऱ्या माणसाने नीट वाचण्याची ती पहिलीच वेळ होती. २००९ च्या पानावर आलात आणि विचारलंत, "हमीपत्रावर सही केली होतीस का? जादा पैसे निघाले तर परत करीन, असं?" मी म्हणालो, आठवत नाही. "आठवून ठेवायचं असतं रे. ते असलं तर गाडी अवघड वळणावर जाते." फाइलमध्ये ते नव्हतं. तेव्हा कुठे तुम्ही पट्टी खाली ठेवलीत आणि चहा सांगितलात.

अर्ज तुम्हीच लिहून दिलात, दीड पानाचा. त्यात ना विनवण्या, ना "गरीब कर्मचाऱ्यावर दया करावी". पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करता येत नाही, निवृत्त झालेल्याकडून करता येत नाही, पाच वर्षांहून जुन्या जादा रकमेची करता येत नाही. माझ्या बाबतीत तिन्ही लागू. मी खाली "कृपाभिलाषी" लिहायला गेलो, तर हातातून पेन काढून घेतलंत. "कृपा कसली मागतोस? आपला विश्वासू लिही." सात महिन्यांनी ग्रॅच्युइटी पुरी जमा झाली. पैशाचं सोनं झालं, मुलीच्या लग्नात खरोखरच झालं. पण ते पेन काढून घेणं मला जास्त उपयोगी पडलं.

नंतर एका रविवारी तुम्ही १९८२ ची गोष्ट काढलीत. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांच्या संघटनेवर सरकारने हातोडा घातला, पोलीस रस्त्यावर आले, लष्कर बोलवावं लागलं, आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून चार शिपाई झाडाखाली उभे राहून पगाराविषयी बोलले तरी वरच्यांच्या कपाळाला आठी. १९६६ चा कायदा होताच, पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही. आणि त्याच १९८२ साली, १७ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयात डी. एस. नाकारा यांच्या खटल्याचा निकाल लागला. घटनापीठाच्या अध्यक्षस्थानी आपले पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिवस. तुम्ही म्हणालात, "बघ, एकाच वर्षात नोकरीतल्या पोलिसाचं तोंड बंद झालं आणि निवृत्ताला आवाज मिळाला. एकत्र यायचं कसं, हे आपण अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकतो." मी हे इतरांना माझंच वाक्य म्हणून ऐकवतो. बारनिशीच्या वाक्याची ही परतफेड समजा.

तुमच्या वहीचं पहिलं पान मी पाहिलंय. अकरा सह्या, मारुतीच्या देवळाचा पार, वर्गणी दहा रुपये. त्यातल्या सात जणांच्या नावापुढे आता तुम्ही लाल पेन्सिलीने फुली केली आहे, आणि प्रत्येक फुलीखाली बारीक अक्षरात "कु. नि. वे. सुरू", म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू. मेलेल्या सभासदाचा हिशेब बायकोची कुटुंब पेन्शन सुरू झाल्यावरच बंद करायचा, हा तुमचा नियम. त्यातच किती घोळ असतात! सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. नवरा होता तोवर कुणी बघितलेलं नसतं. गेल्या पावसाळ्यात एका वहिनींसाठी तुम्ही पाच वेळा एसटीने गेलात. आज तालुक्यातालुक्यात शाखा झाल्या, देवळाच्या पारावरून स्वतःच्या खोलीत आलो, कपाट आलं, प्रिंटर आला. लोक आले ते मात्र भाषणं ऐकून नाही, त्या बारीक अक्षरामुळे आले.

सगळंच गोड नाही, तेही लिहितो. आपल्या बैठकीत अजून फौजदार पुढच्या खुर्च्यांवर आणि शिपाई मागे बसतात. घरी बसून दहा वर्षं झाली तरी खांद्यावरची फीत उतरत नाही. मोबाइलवरच्या आपल्या गटावर सकाळी पन्नास गुलाबाची फुलं येतात आणि कामाचा शासन निर्णय त्यांच्याखाली गाडला जातो. निवृत्त महिला पोलीस वाढल्यात, पण कार्यकारिणीत एकही नाही. आणि १ नोव्हेंबर २००५ पासून भरती झालेली, नव्या पेन्शन योजनेतली पोरं निवृत्त व्हायला लागतील तेव्हा त्यांच्या पेन्शनचं गणितच वेगळं असेल. त्यांना आपली वही पुरायची नाही. यावर तुम्ही हसून "तू कर की" म्हणता, आणि मी गप्प बसतो.

आता नोव्हेंबर तोंडावर आलाय, हयातीच्या दाखल्यांचा. गेल्या वर्षी त्या पंच्याऐंशीच्या हवालदारांच्या घरी आपण गेलो होतो. खाटेवर बसून त्यांनी मशिनवर अंगठा ठेवला, मग तर्जनी, मग मधलं बोट. एकही ठसा जुळेना. "जन्मभर चोरांचे ठसे घेतले," ते म्हणाले, "आता माझेच पटत नाहीत." तुम्ही मशीन बाजूला ठेवलंत, खिडकी उघडून त्यांना उजेडाकडे वळवलंत आणि मोबाइलवर चेहरा टिपलात. पडद्यावर पोचपावती आली तेव्हा म्हातारबुवांनी बसल्या जागी सॅल्यूट ठोकला. तुम्हाला की मोबाइलला, ते कळलं नाही.

यंदा तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि तुम्ही ते ऐकणार नाही, हे वहिनींनी मला आधीच सांगून ठेवलंय. म्हणून घाटाकडच्या गावांतली अंथरुणाला खिळलेली सहा नावं मी माझ्याकडे घेतली आहेत. मोटारसायकलचं सर्व्हिसिंग करून आणलंय. रविवारी सकाळी वही न्यायला येतो. मशीन तेवढं चार्ज करून ठेवा. आणि हो, ती लाकडी पट्टीही द्या.

आपला विश्वासू,
लोणंदच्या बंदोबस्तातला तुमचा सहायक फौजदार