कोपरीच्या संघाचा हिशेब जपणाऱ्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

काल तुमच्या स्कोअरच्या तीन वह्या परत द्यायला आलो, दारातच 'थँक यू' म्हणालो आणि जिना चढून घरी आलो. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कार्डं आणि फाशांवर बेसबॉल खेळणाऱ्या आमच्या लीगमधल्या कोपरीच्या संघाचा इतिहास आज हातात आहे तो तुमच्यामुळे, हे लीगमधल्या प्रत्येकाला कळायला हवं.

2009 साली मामेभावाने अमेरिकेहून स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा संच आणला. हॅल रिचमन यांनी 1961 मध्ये बाजारात आणलेला हा बेसबॉलचा खेळ. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं त्या हंगामातल्या कामगिरीवर बेतलेलं कार्ड, आणि तीन फासे. पांढऱ्या फाशावर 1 ते 3 पडलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, 4 ते 6 पडलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची कोणती ओळ वाचायची ते सांगते. आमचा संच 1995 च्या हंगामाचा. सहा मित्र, सहा संघ, प्रत्येकी 30 सामने. ठाण्यातला ज्याचा जो भाग, त्या भागाचा त्याचा संघ. मी .368 सरासरीच्या (हजारात 368 हिट) बॅटर टोनी ग्विनला पहिल्याच निवडीत घेतलं आणि पिचरकडे लक्षच दिलं नाही. 30 पैकी 8 सामने जिंकलो.

तुम्ही गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आला होतात. थोडा वेळ उभे राहिलात आणि एकच विचारलंत, "स्कोअर कोण लिहितंय?" कोणीच नीट लिहीत नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं मैदानावर क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला. पुढच्या शनिवारी फुलस्केप वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन हजर!

पिचर 1, कॅचर 2, असे नऊ जागांचे नऊ आकडे तुम्ही एका संध्याकाळी पाठ केलेत. शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधे उभा राहतो, मग तिसऱ्या बेसवाल्याला 5 आणि त्याला 6 का, हा तुमचा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) K लिहायची पद्धत ज्याच्या नावावर आहे, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, हे सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा कसा खुलला होता! "म्हणजे आपलाच माणूस," म्हणालात.

आणि ती बेरीज. एका संघाचे अॅट-बॅट (बॅटरच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), वॉक (चार बॉल पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस), चेंडू लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे नेणं) मिळवले की तो आकडा त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकलेले खेळाडू आणि समोरच्या संघाने बाद केलेले यांच्या बेरजेइतका यायला हवा. आला नाही तर तुम्ही कोणाला घरी जाऊ देत नव्हतात. एकदा एका विसरलेल्या सॅक्रिफाइस बंटसाठी साडेनऊपर्यंत बसवून ठेवलंत. तेव्हा कुरकुर केली होती, त्याची आज माफी मागतो.

2019 मध्ये माझी हार्ड डिस्क गेली. दहा हंगाम त्यातच होते. आमच्या संघाला ना मैदान, ना जर्सी, ना एखादा फोटो. जे लिहिलेलं असेल तेवढाच तो संघ. या वर्षी आठवणीतून इतिहास लिहायला घेतला तर दोन हंगामांची सरमिसळ झाली. मी जिन्यात तुमच्याजवळ सहज रडगाणं गायलो आणि तुम्ही त्या जुन्या वह्या काढायला मुलाला माळ्यावर चढवलंत. मग अकरा संध्याकाळी माझ्याशेजारी बसून एकेक सामना वाचून दाखवलात, तोही भिंगातून.

2013 च्या विजेतेपदाचं तर काय सांगू. नववी इनिंग, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले आणि आपल्या बॅटरने होमरन मारला, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, माझ्या मुलीलासुद्धा. वहीत होमरन नाहीच. पांढरा फासा पिचरच्या कार्डाकडे गेला, आणि समोर होता ग्रेग मॅडक्स. 1995 मध्ये जवळजवळ 210 इनिंगमध्ये त्याने फक्त 23 वॉक दिले होते. त्याच्या कार्डावर वॉक शोधावा लागतो, आणि नेमका तोच आला. चार बॉल, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू चालत घरी, म्हणजे एक धाव, आणि आपण जिंकलो. समासात तुमचं अक्षर आहे: 'मॅडक्सने वॉक दिला. दोनदा तपासले.' मला ही खरी गोष्ट होमरनपेक्षा कितीतरी जास्त आवडली. मुलीला त्याच रात्री सांगितली.

इतिहासाची एक प्रत छापून आणतोय, पहिल्या पानावर तुमचं नाव आहे. तिसऱ्या वहीची शेवटची काही पानं अजून कोरी आहेत. गुडघ्यामुळे गच्ची आता तुम्हाला झेपत नाही, म्हणून या शनिवारी पाच वाजता फासे, कार्डं आणि आम्ही सहाही जण तुमच्याच घरी येतो. काकूंना तेवढं सांगून ठेवा, चहा आम्ही करू.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा, कोपरीच्या संघाचा मॅनेजर